मागच्या चाकाचे नट ढिले झाले : एक्स्टेंशन लावलं की टॉर्क वाढतो का?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, कपाशी-तूरवाले. कपाशीच्या ओळींत ट्रॅक्टर घालता यावा म्हणून मागच्या चाकांचं अंतर दर पावसाळ्यात बदलावं लागतं. रिम उलटवायची, चाक पुन्हा चढवायचं, नट आवळायचे. आजवर हे काम टॉमी (नट फिरवायचा लोखंडी दांडा), नळाचा पाइप आणि चुलतभावाचं वजन यांच्या भरवशावर चालायचं. यंदा म्हटलं रीतसर करू. टॉर्क पाना घेतला, म्हणजे नट किती पिळाच्या जोरानं (टॉर्कनं) आवळायचा तो आकडा लावला की तिथे कट्ट वाजणारा, अर्ध्या इंची. गोटी बसते त्या चौकोनापासून मुठीच्या मध्यापर्यंत मोजला तर बरोब्बर ६० सेंटीमीटर.

अडचण अशी की मागच्या चाकांना बिडाची वजनं आहेत आणि नट त्यांच्या आत खोल. पाना थेट पोचत नाही. म्हणून २५ सेंटीमीटरचं एक्स्टेंशन, म्हणजे जोडदांडी लावली, पुढे गोटी (नटावर बसणारा सॉकेट). माझ्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात या नटांना २५० न्यूटन-मीटर लिहिलंय. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "एक्स्टेंशन लावलं की टॉर्क वाढते, आकडा कमी धरजा." मोबाइलवर एका व्हिडिओत सूत्रही सापडलं : हवा तो टॉर्क गुणिले पान्याची लांबी, भागिले पाना अधिक जोड. म्हणजे २५० × ६० ÷ ८५ = १७६. आठही नट १७६ वर आवळले. कट्ट, कट्ट, कट्ट. लय समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी डवरताना (ओळींत कोळपताना) डावीकडून खडखड. उतरून पाहतो तर तीन नट बोटांनी फिरतात आणि रिमच्या एका भोकाचं अंडं झालेलं.

सूत्र चुकीचं, पाना चुकीचा, का मी?

खारपाणपट्टा

चाक वावरात निंघून नाई पडलं, हेच नशीब समजा भाऊ. आदी ट्रॅक्टर उभा करा, मंग धागा वाचा.

सूत्र बरोबर हाय, लावाची जागा चुकली. ते सूत्र आडव्या जोडाचं हाय, उभ्या, म्हंजे नटाच्या रेघेतच जानाऱ्या एक्स्टेंशनचं नाई. तुमच्या २५ सेंटीमीटरच्या दांडीनं टॉर्क ना वाढत, ना कमी होत. २५० पाह्यजे तं २५० च लावा लागते. तुमी १७६ वर थांबले म्हंजे दर नट तीस टक्के ढिलाच सोडला.

आन दुसरं सांगा, रिमले रंग मारला व्हता काय?

धुऱ्यावरचा

हाव. उन्हाळ्यात दोन हात मारले, गंज धरला होता म्हणून. त्याचा काय संबंध?

खारपाणपट्टा

तोच तं संबंध. नट रंगावर बसला की पयल्या दिवशी घट्ट वाटते. मंग हादरे बसून रंग दबते, चुरा होऊन निंघून जाते. कागदायेवढी जागा झाली तरी बोल्टातला ताण अर्धा गेला समजा. एकटा १७६ असता तं कदाचित धकून गेलं असतं. एकटा रंग असता तरी धकलं असतं. दोन्ही जमले आन वरून नट पुन्हा आवळले नसतीन.

नटाच्या बुडाखालची जागा तारेच्या ब्रशनं उघडी कराची. चाक चढवलं की दोन-चार तास चालवून पुन्हा एक डाव आवळाचं, मंग दुसऱ्या दिवशी अजून एक डाव. माह्या बापानं मले हेच शिकवलं, त्याच्यापाशी टॉर्क पाना नोता.

बाभूळबन

काहीही हं खारपाण भाऊ. लांबी वाढली की जोर वाढतो हे चौथीतल्या पोट्ट्यालाही माहीत आहे. टॉमीला पाइप घातला की गंजका नट सुटतो की नाही? मग एक्स्टेंशननं का नाही वाढणार? लांबी ती लांबीच ना. तो गॅरेजवाला रोज पन्नास नट आवळत असेल, त्याला कळत नाही आणि आपल्याला कळतं?

मास्तर_निवृत्त

बाभूळबन, तुमचं "लांबी ती लांबीच" हेच तपासू या, कारण अख्खा घोळ तिथे आहे.

घरात जातं असेल तर त्याच्यासमोर बसा. खुंटा कडेला का ठोकलेला असतो? मधल्या खिळ्यापासून जितका लांब, तितकं दळण हलकं जातं म्हणून. तोच खुंटा खिळ्याच्या जवळ सरकवला तर दोन पायल्यांत खांदे भरून येतील. इथपर्यंत तुमचं बरोबर : लांबी वाढली, जोर वाढला. पाइप घातलेली टॉमी म्हणजे कडेला नेलेला खुंटा.

आता खुंटा कडेलाच राहू द्या, पण वीतभर उंच आहे तो हातभर उंच करा. दळण हलकं होईल का? तसूभरही नाही. खुंटा वर वाढला, खिळ्यापासून लांब गेला नाही. धागाकर्त्याचं एक्स्टेंशन म्हणजे हा उंच केलेला खुंटा.

पुस्तकी भाषेत याला बल-आघूर्ण म्हणतात, टॉर्क तोच. नटाच्या पोटातून एक रेघ आरपार गेली आहे असं समजा, म्हणजे ज्या रेघेभोवती नट फिरतो ती. तुमच्या हाताचा जोर त्या रेघेपासून आडवा किती दूर लागतो एवढंच मोजायचं. एक्स्टेंशनची दांडी त्या रेघेच्याच दिशेनं जाते. ती २५ सेंटीमीटर असो की २५ फूट, हात रेघेपासून ६० सेंटीमीटरवरच राहतो. जोर गुणिले ६०, बस.

धुऱ्यावरचा

मास्तर, दंडवत. घरी जातं आहे, आता फक्त हरभऱ्याच्या डाळीपुरतं फिरतं. आईला विचारलं, खुंटा उंच केला तर काय होईल? म्हणे, "हात दुखते, पीठ तेवढंच पडते."

लोणारी_खडक

आईला धाग्याची संपादक करा, वाद मिटेल 😄

चंद्रपूरची_फिटर

मी एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. टॉर्क पाना रोजच्या हातातला, म्हणून ते सूत्र नेमकं कुठलं ते सांगते, नाहीतर पुढचा वाचणारा सूत्रच टाकून देईल आणि उलट्या बाजूनं फसेल.

कधी कधी नटावर गोटी बसतच नाही, कारण मधून पाइप गेलेला असतो. हायड्रॉलिकच्या नळीचा नट घ्या. तिथे टॉर्क पान्याच्या चौकोनात फिक्स पान्याचं नुसतं डोकं बसवतात, त्याला क्रोफूट म्हणतात. आता पान्याचा चौकोन नटावर नसतो, नटापासून काही सेंटीमीटर मागे असतो. हा झाला आडवा जोड. इथे हात आणि नट यांच्यातलं अंतर खरोखर वाढतं.

आणि पान्याला हे कळत नाही. त्याच्या आतल्या स्प्रिंगला स्वतःच्या चौकोनावर किती पीळ आला तेवढंच समजतं, पुढे तुम्ही काय जोडलंय ते नाही. पाना मुठीपर्यंत ४५ सेंटीमीटर, जोड १५ सेंटीमीटर आणि आकडा १२० वर असेल तर पाना १२० ला कट्ट म्हणतो तेव्हा नटावर १६० पोचलेले असतात. म्हणून आधीच आकडा कमी करायचा : १२० × ४५ ÷ ६० = ९०. पाना ९० ला वाजेल, नटाला १२० मिळतील.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक, जोडाची लांबी चौकोनाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, लोखंडाच्या टोकापर्यंत नाही. दुसरी, मूठ जिथे बनवली आहे तिथेच धरायची. जोड लावलेला असताना हात पुढे-मागे सरकला की ते ४५ बदलतात आणि हिशेब गेला.

वर्धेचा_पाइपवाला

ताई, हे आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. ट्रॉलीच्या हायड्रॉलिकचा नळीनट, अगदी तुमच्यासारखाच क्रोफूट. पाना आखूड, जोड चांगलाच लांब, घरीच वेल्डिंग करून बनवलेला. आकडा पुस्तकाप्रमाणे. कट्ट वाजायच्या आधी नट तडकला. मी दुकानदाराशी भांडून आलो की हलका माल दिला. आता हिशेब करतो तर दीडपटीच्या वर गेला होता. दुकानदाराला सॉरी म्हणावं लागेल, पण तो आता माझ्याशी बोलत नाही.

बाभूळबन

ठीक आहे, जात्याचं पटलं. पण एक शंका राहते. लांब बारीक एक्स्टेंशनवर जोर लावला की दांडी डोळ्यांनी दिसेल इतकी पिळते. तो पीळ दांडीतच खर्च होतो ना? मग नटाला कमी पोचत असणार. म्हणजे आकडा वाढवायला हवा?

मास्तर_निवृत्त

प्रश्न चांगला आहे, आणि बरेच जाणते लोक इथे घसरतात.

विहिरीतून बादली ओढताना सुताचा दोर घ्या किंवा ताणणारा नायलॉनचा घ्या. नायलॉनचा आधी ताणेल, हात दोन वीत जास्त ओढावा लागेल, मगच बादली उचलली जाईल. पण एकदा बादली अधांतरी आली की हातावर तिचं वजन दोन्ही दोरांनी सारखंच. दोर ताणला म्हणून बादली हलकी झाली नाही. दांडीचंही तसंच. एका टोकाला जेवढा पीळ दिला तेवढाच दुसऱ्या टोकाला निघतो, मधली दांडी स्थिर असेल तर दुसरं काही होऊच शकत नाही. तुमचा हात थोडा जास्त फिरतो, एवढाच फरक.

एक मात्र पाळा : शेवटी सावकाश ओढा. झटका दिला तर हा हिशेब लागू होत नाही.

खारपाणपट्टा

आन झटक्यावरून आठवलं. पंक्चरवाल्याची हवेची गन असते ना, टरररर वाली, तिले लांब एक्स्टेंशन लावलं तं नट कमी आवळते. ते खरं हाय. ती गन ओढत नाई, ठोके मारते. बारीक लांब दांडी तो ठोका झोक्यावानी झेलून घेते, पुढं अर्धवट जाते. म्हनून गनवाले जाड आन आखूड दांडी वापरतात.

मले वाटते त्या गॅरेजवाल्याच्या डोक्यात अशेच दोन-तीन किस्से एकमेकात मिसळले. गनचं एक, क्रोफूटचं एक, पाइपाचं एक. मानूस वाईट नसन. एक्स्टेंशन शब्दच घोळाचा हाय, तीन वेगळ्या वस्तूंले एकच नाव.

लोणारी_खडक

मी तर त्यात चौथं घालतो, लाइटच्या वायरीचं एक्स्टेंशन. आमच्याकडे टॉर्क वाढो न वाढो, व्होल्टेज मात्र कमी होतं.

धुऱ्यावरचा

😂 मोटारवाल्याच्या दुःखावर मीठ चोळू नका.

बरं, उभ्या एक्स्टेंशननं काहीच बिघडत नाही असं समजू का? कारण आवळताना माझी गोटी दोनदा नटावरून सटकली.

चंद्रपूरची_फिटर

टॉर्क बिघडत नाही, तोल बिघडतो. तुम्ही मूठ खाली ओढता तेव्हा दांडी फक्त पिळत नाही, बाहेरचं टोक खाली झुकायलाही पाहतं. दांडी जितकी लांब, तितकं हे झुकणं जास्त. गोटी नटावर तिरपी होते, कोपरे खाते, सटकते. म्हणून एक हात मुठीवर आणि दुसरा हात पान्याच्या डोक्याखाली, म्हणजे दांडी जिथे चौकोनात शिरते तिथे, आधाराला. हात कमी पडत असेल तर डोक्याखाली लाकडाचा ठोकळा किंवा लोखंडी घोडा (स्टँड) ठेवा. दांडी नटाच्या अगदी सरळ रेषेत राहिली पाहिजे.

आणि मध्ये लचकणारा सांधा, ज्याला आपण यूजे म्हणतो, तो टॉर्क पान्यासोबत टाळा. तो वाकलेला असेल तर एका टोकाचा पीळ दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोचत नाही. पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरवरून अवजार फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे असेच सांधे, फार वाकवून चालवले की शाफ्ट कसा धडधडतो ते तुम्ही पाहिलंच असेल.

वर्धेचा_पाइपवाला

क्रोफूटचा अजून एक प्रश्न. जागा अशी होती की जोड पान्याच्या सरळ रेषेत बसतच नव्हता, काटकोनात बसवला. तेव्हाही हेच सूत्र?

चंद्रपूरची_फिटर

काटकोनात बसवला तर सूत्रच नको, पुस्तकातला आकडा तसाच लावा. जोर मुठीवर काटकोनात लागतो, आणि काटकोनातला जोड त्या जोराच्याच दिशेनं जातो, त्यामुळे आडवं अंतर वाढत नाही. मास्तरांचा जात्याचा नियमच आहे, फक्त आडवा करून. जोड उलटा, मुठीकडे वळवून बसवला तर अंतर कमी होतं, तेव्हा आकडा वाढवावा लागतो : ४५ भागिले (४५ वजा १५), म्हणजे दीडपट. मधले तिरपे कोन असतील तर कोसाइन आणावा लागतो. मी तसे कोन टाळते. काटकोन सगळ्यात सोपा, चुकायला जागा नाही.

बाभूळबन

आणि टॉर्क पान्यालाच मागून पाइप घातला तर? माझा भाऊ घालतो. सूत्राप्रमाणे आकडा कमी करू का?

मास्तर_निवृत्त

नको. गंमत अशी की इथे उलटं होतं. पाइप मागे लागला तरी पान्याचा चौकोन नटावरच बसलेला आहे, त्यामुळे पाना जवळपास खरंच बोलतो. पण पूर्ण खरं नाही. कट्टवाल्या पान्याची बिजागरी चौकोनापासून थोडी मागे असते. समजा ती ४ सेंटीमीटर मागे आहे आणि मूठ ६० वर. आकडा २५० वर ठेवून तुम्ही पाइप घातला आणि १२० सेंटीमीटरवर धरलं तर पाना वाजेल तेव्हा नटावर सुमारे २४१ असतील. म्हणजे किंचित कमी. कंपन्या आकडे खोदतात ते मुठीच्या मध्यावर धरलं आहे असं मानून.

खरा धोका वेगळा. पाइपामुळे हाताला जोरच लागत नाही, कट्ट जाणवत नाही, आणि माणूस पुढे ओढत राहतो. कट्टनंतर पाना तुम्हाला अडवत नाही. तो नुसता सांगतो.

खारपाणपट्टा

हे लिवून ठेवा. माह्याकडं एक जन आला, म्हने पाना खराब हाय, बोल्ट तुटला. इचारलं, किती डाव कट्ट वाजवला? म्हने चार-पाच डाव, खात्री कराले. दर डाव थोडं थोडं पुढंच गेलं ना बाप्पा! एक कट्ट झाला की हात काढाचा.

मूर्तिजापूर_लोकल

वाचतोय केव्हाचा. माझ्याकडे टॉर्क पाना नाही आणि घ्यायचा विचारही नाही, वर्षातून दोनदा चाक काढायला एवढे पैसे कोण घालेल? आम्ही टॉमीला पाइप घालतो आणि वर उभं राहतो. तीस वर्षांत चाक सुटलं नाही. जास्तच आवळलं तर बिघडलं काय?

चंद्रपूरची_फिटर

दादा, हिशेब करून पाहू. तुमचं वजन ६० किलो धरते. टॉमी अर्धा मीटर, आडवी, तुम्ही टोकावर उभे : ६० × ९.८ × ०.५, म्हणजे साधारण २९४ न्यूटन-मीटर. २५० च्या नटाला थोडं जास्त, पण चाललं. पाइप घालून एक मीटर केलं की ५८८. वर उडी मारली तर किती ते कुणीच सांगू शकत नाही.

नट तेव्हाच तुटला तर बरं, कळतं तरी. पण बहुतेक वेळा तो तुटत नाही, स्टड (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) ताणला जातो. आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. तो परत आखडू पाहतो म्हणून रिम धरून ठेवतो. मर्यादेबाहेर ताणला की लांबट होऊन तसाच राहतो, आखडायची ताकद जाते. घट्ट वाटतो पण धरत नाही. डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे ८५ न्यूटन-मीटरचा असतो. त्यावर एक मीटरच्या पाइपावर उभं राहणं म्हणजे सातपट.

खारपाणपट्टा

मूर्तिजापूर भाऊ, पैसे घालाची गरज नाई. कापूस मोजाचा लटकता काटा हाय का घरी? येचनीच्या बायांचा कापूस ज्याच्यानं मोजता तो. झाला तुमचा टॉर्क पाना.

टॉमीले पाइप घाला. नटाच्या मध्यापासून बरोब्बर एक मीटरवर खून करा. तिथं काट्याचा हुक अडकवा आन काटकोनात ओढा. २५० न्यूटन-मीटर म्हंजे एक मीटरवर साडेपंचवीस किलो. काटा साडेपंचवीस दाखवन तवा थांबा.

एक बारीक गोष्ट. टॉमी आडवी ठिवून वर ओढू नोका. पाइपाचं वजनच काट्यावर येते, आकडा खोटा येते. टॉमी उभी ठिवा, वर का खाली, आन काटा आडवा ओढा. तवा पाइपाचं वजन नटाच्या रेघेतून जाते, मंधात येत नाई.

मास्तर_निवृत्त

खारपाण, चाळीस वर्षं वर्गात ताणकाटा दाखवला, हा प्रयोग मला सुचला नाही. पेपर तुम्ही काढायला हवे होते.

मूर्तिजापूर_लोकल

काटा आहे. उद्या करतो. आटे कोरडे ठेवू की तेल लावू? आम्ही तर ग्रीस लावून चढवतो, पुढच्या वर्षी सुटायला सोपं.

चंद्रपूरची_फिटर

पुस्तकात तेल लावा असं लिहिलं नसेल तर चाकाच्या नटाला लावू नका. कारण ऐकून दचकाल. तुम्ही जेवढा पीळ देता त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो. निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात संपतो, उरलेला आट्यांत. ग्रीस लावलं की घर्षण घटतं आणि तोच २५० चा आकडा बोल्टाला कितीतरी जास्त ताणतो. काटा बरोबर, हात बरोबर, तरी बोल्ट लांबट. गंजलेल्या आट्यांचं उलटं : सगळा जोर घर्षणात, कट्ट वाजतो, बोल्ट तसाच सैल. म्हणून आटे ब्रशनं साफ करून, कोरडे, हातानं शेवटपर्यंत फिरतील असे करायचे आणि मग पाना लावायचा.

लोणारी_खडक

गंजलेल्यावरून माझी कबुली. सायकलचं डावं पेडल सुटेना. राकेल टाकलं, रात्रभर ठेवलं, दीड मीटर पाइप घातला, वर चढलो. अजून घट्ट. मग दुकानदारानं सांगितलं, डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. मी दीड मीटर पाइपानं तासभर आवळत होतो.

बाभूळबन

😂😂 एक्स्टेंशन बरोबर, दिशा चूक. धाग्याला साजेसं.

मी माघार घेतो बरं का मंडळी. काल आजीच्या जात्याला हातभर काठी उभी ठोकून पाहिली. नाही होत हलकं. आजीनं काठी काढायला लावली ती वेगळी.

धुऱ्यावरचा

आठ दिवसांनी लिहितो आहे, पाऊस लागून होता.

अंडं झालेल्या भोकाची रिमची थाळी बदलली. भरून पुन्हा भोक पाडून देतो म्हणणारा एक जण होता, पण खारपाण भाऊंनी फोनवर नको म्हटलं, म्हणून खर्च केला. तीन स्टडही नवे टाकले, जुन्यांचे आटे चपटे झाले होते. रंग नटांच्या बुडापुरता खरवडून उघडं लोखंड केलं. गोटी, २५ सेंटीमीटरचं तेच एक्स्टेंशन, आकडा सरळ २५०. डोक्याखाली बाभळीचा ठोकळा. आधी सगळे नट हातानं, मग समोरासमोरचे आलटून-पालटून, आधी निम्म्या आकड्यावर आणि मग पूर्ण.

खात्री म्हणून एका नटावर कापसाचा काटाही लावला. टॉमी उभी, हुक एक मीटरवर. पंचवीसच्या थोडं पुढे जाईपर्यंत नट हललाच नाही, पुढे सरकतोय वाटलं तसा सोडून दिला. म्हणजे पाना खोटा नाही. तीन तास डवरून पुन्हा पाना लावला तर डावीकडचे दोन नट किंचित फिरले, मग कट्ट. दुसऱ्या दिवशी एकही फिरला नाही.

गॅरेजवाल्याकडेही जाऊन आलो. जात्याचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मंग मले उस्तादानं कायले तसं सांगितलं असन?" चहा पाजला.

खारपाणपट्टा

बेस झालं. पाना वापरून झाला की आकडा सगळ्यात खालच्या खुनेवर आनून ठिवत जा, २५० वर दाबून ठिवला तं स्प्रिंग थकते. खुनेच्या खाली पन उतरवू नोका. आन त्याच्यानं नट खोलाचे नाई, खोलाले टॉमी. शेजारी मागाले आला तं देऊ नोका, तो खोलालेच नेते.

धुऱ्यावरचा

परवाच नेला. "एकच नट आहे, पाच मिनिटांत आणतो" म्हणाला. अजून आला नाही.